मागच्या बाजूचे लोक

६ जानेवारी

आज सरोजा आणि मी कचेरीतून चालत परत आलो. ऑटो मिळत होती, पण बोलायचं इतकं होतं की ऑटोवाल्यासमोर बोलवेना.

तंजावूरच्या आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं छत्र, म्हणजे धर्मशाळा, आहे. मराठा राजांच्या वेळी तिथे वाटसरूंना जेवण मिळायचं. आता पुढचा हॉल आमच्या मराठी संघाकडे आहे. मुंजी, साखरपुडे, बारशी तिथेच होतात. मागच्या खोल्यांत सरोजाची माणसं, सगळी तमिळ कुटुंबं, तिच्या आज्यापासून राहतात. कुणी फुलांच्या माळा ओवतो, कुणी शिवणकाम करतो. सरोजा स्वतः अंगणवाडीत शिकवते. आता एका सरकारी खात्याला सगळं रिकामं करून पर्यटकांच्या गाड्या लावायला मैदान हवं आहे. आम्ही अर्ज केले की मागच्यांना काढा, हॉल ठेवा. त्यांनी अर्ज केले की हॉल पाडा, आम्हाला ठेवा. खात्याला दोन्ही अर्ज सोयीचेच होते.

दिवाळीत मी सरोजाला म्हटलं, आपण शाळेत एका बाकावर बसलो, मग अर्ज वेगळे का करतोय? तिथून सुरुवात झाली. हॉल राहील, सकाळी त्यात अंगणवाडी भरेल. मागच्या खोल्या दुरुस्त होऊन राहणाऱ्यांच्या नावावर भाडेपट्टा होईल. गाड्या जुन्या मंडईमागच्या मोकळ्या जागेत जातील. एवढीच आमची योजना.

कचेरीतल्या अधिकारीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी एकच मागणी आणणारे तुम्हीच पहिले. महिनाअखेर दोन्हीकडची संमती द्या. वर बोलणं माझ्याकडे."

सरोजा वाटेत थांबून नारळपाणी प्यायली आणि मलाही पाजलं. मोठी परीक्षा पास झाल्यासारखं वाटत होतं.

९ जानेवारी

हॉलमध्ये आमच्या लोकांची बैठक. म्हातारे लगेच हो म्हणाले. वरुणराव मात्र "बघूं" म्हणाले. ते संघाचे अध्यक्ष. चित्रांचं मोठं दुकान, सगळ्या पक्षांच्या लोकांत ऊठबस. त्यांचं म्हणणं, नुसत्या संमतीपत्राला कुणी विचारत नाही, थोडा गाजावाजा हवा. पुण्याच्या एका मराठी वाहिनीची मुलगी त्यांच्या ओळखीची आहे.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, "राजम, होतें तें गुपचूप होऊ दे. टीव्हीवाले नक्को."

मी म्हटलं, "चांगलें काम लपवायला कशाला?"

त्यांनी पेपर उघडला. रेल्वेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत अपघातच दिसतो.

१५ जानेवारी

पोंगल. सरोजा गोड पोंगल घेऊन आली, मी तिळाच्या वड्या दिल्या. तिच्या लोकांनीही संमती दिली आहे. दुपारी मागच्या अंगणात एक तरुण भाषण करत होता. कदिरवन नाव, तमिळ अभिमानवाल्यांची संघटना चालवतो आणि यूट्यूबवर बोलतो. सरोजा म्हणाली, "आवाज मोठा आहे त्याचा, पण दुरुस्तीच्या कामात मदत करेन म्हणतो." मी म्हटलं, असू दे, तुमच्याकडे एक आणि आमच्याकडे एक, बरोबरी झाली. दोघी हसलो.

१९ जानेवारी

गार्गी आली. पंचविशीची, बोलण्यात साखर. दारातूनच "मावशी" म्हणाली आणि पाया पडली. माझं बोलणं ऐकून तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी ऐकतेय असं वाटतंय हो."

खरं सांगायचं तर माझंही मन भरून आलं. माझ्या मराठीचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं. माझ्या मुलीला ती ऐकून अवघडल्यासारखं वाटतं, गल्लीतल्या पोरांना समजते पण बोलवत नाही. ही वहीसुद्धा घरात कुणाला वाचता येत नाही. मी हिंदीच्या शिकवण्या घेते, म्हणून मला देवनागरी येते. मराठी पुस्तकं वाचून वाचून लिहिणं पुस्तकी झालं, तोंडात मात्र आमचंच राहिलं.

गार्गीने नऊवारी नेसायला सांगितलं. एरवी ती सणाकार्यालाच निघते, पण नेसले. देवासमोर दिवा लावून त्याच्या शेजारी बसवलं. मागे गेलो तेव्हा सरोजा नळावर बायकांना रांगेत उभं करत होती. कॅमेरामनने तिचंही चित्र घेतलं. सरोजाने पदर नीट केला आणि मला हात केला.

मग गार्गीने विचारलं, "मावशी, भीती वाटते का हो?"

मी म्हटलं, "भें कुणाचें? मागचे लोक आमचेच. आमचें छत्र बळकावायला बघतात ते डिपार्टमेंटवाले. त्यांना घालवल्याशिवाय आम्हांस झोप नाही."

चांगलं बोलले असं वाटतं. योजनाही सगळी समजावून सांगितली, अगदी मंडईमागच्या जागेपर्यंत. गार्गी मान हलवत होती.

२४ जानेवारी

व्हिडिओ आला. नाव दिलंय: "तंजावूरचे शेवटचे मराठे: स्वतःच्याच घरात परके". पाठीमागे तुतारी वाजते. मी दिव्याशेजारी बसलेली, बरी दिसते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी फक्त स्वतःचा चेहराच पाहिला, हे इथे लिहून ठेवते. बंगळूरहून दिव्यश्रीचा फोन आला, तिने सगळ्या मैत्रिणींना पाठवला होता. "अम्मा, तूं किती ग्रँड दिसालीस," म्हणाली. माझ्या मुलीला माझा अभिमान वाटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्यांदा नीट ऐकला. "मागचे लोक," एवढं मी म्हणते. मग नळावरची भांडी आणि रांगेपुढे हात उगारून उभी असलेली सरोजा दिसते. त्यावर माझाच आवाज: "आमचें छत्र बळकावायला बघतात." आणि पुन्हा मी, दिव्याशेजारी: "त्यांना घालवल्याशिवाय आम्हांस झोप नाही."

"आमचेच" गेलं. डिपार्टमेंटवाले गेले. योजनेचा तर शब्दही नाही. माझ्या मराठीखाली मराठीतच अक्षरं टाकली आहेत, वाचणाऱ्याला समजावं म्हणून. तिथे "मागचे लोक"च्या जागी "बाहेरचे लोक" लिहिलंय.

गार्गीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, एडिटिंग माझ्या हातात नसतं. तीन मिनिटांत सगळं कसं बसणार? पण बघा ना किती लोकांपर्यंत पोचलंय. आता प्रेशर येईल, तुमचंच काम सोपं होईल."

असेलही. तिला या गोष्टी माझ्यापेक्षा जास्त कळतात.

२६ जानेवारी

सरोजा सकाळी आली, आत मात्र आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून मोबाइल पुढे केला. तोच व्हिडिओ होता, कदिरवनने खाली तमिळ अक्षरं घातलेला.

"राजम, हे तू बोललीस?"

मी सगळं सांगितलं, काय कापलं तेही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला खरं वाटतं. पण माझ्या खरं वाटण्याने काय होतंय? माझी सून कालपासून माझ्याशी बोलत नाही. तू आत्ता माझ्याबरोबर मागे चल. अंगणात उभी राहा आणि तमिळमध्ये सांग, जे मला सांगितलंस तेच. दहा माणसांनी ऐकलं तरी पुरे आहे."

मी म्हटलं, येते. चपला घालत होते तेवढ्यात वरुणरावांचा फोन आला. मागे गरम वातावरण आहे, आज कुणी तिकडे फिरकू नका, एक दिवस जाऊ द्या, म्हणाले. त्यांचं म्हणणं मला पटलं. सरोजाला म्हटलं, उद्या येते, आज लोक रागात आहेत.

ती म्हणाली, "रागात आहेत म्हणून तर आज."

पण शहाण्या माणसाने अशा वेळी थोडं थांबावंच. यजमान आतून सगळं ऐकत होते.

२७ जानेवारी

आज जायचं होतं. मागच्या फाटकाशी कदिरवनच्या संघटनेची मुलं झेंडे घेऊन बसली होती. परत आले.

२९ जानेवारी

कदिरवनचा व्हिडिओ. त्यात माझ्या घरावरची "हिंदी शिकवणी" ही पाटी जवळून दाखवली आहे. तो म्हणतो, ही बाई आधी आपल्या मुलांच्या तोंडात हिंदी घालते, मग आपल्या घरात बाहेरची माणसं आणते, आणि आता आपल्यालाच बाहेरचे म्हणते. ज्या मुलांना मी परीक्षांना बसवलं, त्यातली निम्मी तमिळ घरांतली आहेत. त्यांचे आईवडील रस्त्यात मला थांबवून लाडू द्यायचे. संध्याकाळी एकही मूल आलं नाही.

छत्रासाठी लढताना हिंदी कुठून आली ते मला समजेना. यजमान म्हणाले, "त्याला छत्रम काय करायचें? छत्रम एका गल्लीचें. हिंदी सगळ्या जिल्ह्याची."

३० जानेवारी

पाटीला काळं फासलं.

वरुणरावांचा सकाळी सकाळी फोन आला, पाटीचं ऐकून फार वाईट वाटलं म्हणाले. तोवर मी दारही उघडलं नव्हतं. गावात बातमी किती लवकर पसरते. थोड्या वेळाने गार्गीचाही फोन आला, ती कॅमेरा घेऊन त्रिचीहून निघालीच होती.

मी ठरवलं, यावेळी फसायचं नाही. अट घातली: थेट प्रक्षेपण असेल तरच बोलेन, कापाकापी नको. गार्गी लगेच तयार झाली. यजमान पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "एकदा हात भाजला तरी पुन्हा चुलीत घालालीस काय?" मी म्हटलं, न बोलले तर त्यांनी कापलेलंच खरं ठरेल.

३१ जानेवारी

संध्याकाळी कार्यक्रम झाला. पडद्यावर चार चौकोन. एकात पुण्याचा सूत्रसंचालक, एकात वरुणराव दुकानातल्या चित्रांपुढे, एकात कदिरवन, एकात मी काळ्या पाटीखाली. कदिरवन इंग्रजीत बोलत होता, छान बोलतो.

मी सुरुवात केली, "आम्ही दोघींनी एक योजना केली आहे." सूत्रसंचालक म्हणाला, "योजनेवर येऊच आपण. आधी महाराष्ट्राला सांगा राजमताई, हे काळं कुणी फासलं?"

मी म्हटलं, मी पाहिलें नाही. तो म्हणाला, "घाबरू नका, महाराष्ट्र तुमच्या पाठीशी आहे." मी पुन्हा मंडईमागच्या जागेचं काढलं. तो म्हणाला, "विषयाला बगल देऊ नका. तुमच्यावर दबाव आहे का? त्या मागच्या वस्तीतल्या लोकांचा दबाव आहे का?" कदिरवन ओरडू लागला, वरुणराव ओरडू लागले. कानातल्या यंत्रात सगळे आवाज एकत्र आले आणि त्यातून तो पुन्हा पुन्हा विचारत होता, कोण, कोण, कोण. मला फक्त तो प्रश्न संपायला हवा होता, म्हणजे योजनेवर येता आलं असतं.

मी म्हटलं, "मागच्या बाजूचा कुणी असेल."

सूत्रसंचालक म्हणाला, "धन्यवाद राजमताई, तुमच्या धैर्याला सलाम." माझा चौकोन गेला.

यावेळी कुणी काही कापलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

महाराष्ट्रातून गाडीभर मुलं आली आहेत, भगवे फेटे बांधून. आमच्या गल्लीत घोषणा दिल्या. त्यातल्या एकाने माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला, पण मला त्याचं मराठी भरभर असल्याने कळेना आणि त्याला माझं कळेना. शेवटी आम्ही हिंदीत बोललो.

समोरून कदिरवनचा मोर्चा आला. दगड पडले. शिंप्याच्या मुलीचं कपाळ फुटलं. ती माझ्याकडे हिंदी शिकायची.

पोलिसांनी हॉलला कुलूप घातलं आणि मागच्या फाटकावर पहारा बसवला.

६ फेब्रुवारी

अधिकारीबाईंना भेटायला एकटीच गेले. संमतीपत्रं अजून त्यांच्या टेबलावरच होती. सरोजाने तिच्या लोकांची मुदतीत आणून दिली होती. आमचीही पोचली होती, म्हाताऱ्यांच्या सह्यांसकट.

मी म्हटलं, बाई, दोन्ही बाजू तयारच होत्या, अजूनही करता येईल.

त्यांनी पंखा कमी केला. म्हणाल्या, "महिन्यापूर्वी ही फाइल कुणाच्या लक्षात नव्हती, म्हणून मी ती पुढे नेऊ शकत होते. आज मागच्यांना पट्टा दिला तर तुमचे लोक म्हणतील मराठी माणूस हरला. हॉल तुम्हाला ठेवला तर ते म्हणतील तमिळ माणूस हरला. माझ्या वरचा कुणीही आता यावर सही करणार नाही. योजना चांगली होती, अम्मा. तुम्ही माझ्याकडेच येऊन गप्प राहायला हवं होतं."

मी गप्प राहायला हवं होतं की बोलायला, हे मला कुणीतरी एकदाचं नक्की सांगावं. सरोजा म्हणाली होती, बोल. बाई म्हणतात, बोलायला नको होतं. मी दोघींच्याही उलट केलं असं दिसतं.

२० फेब्रुवारी

मागच्या खोल्या रिकाम्या झाल्या. गावाबाहेर कुठेतरी तात्पुरती घरं दिली आहेत. मी खिडकीतून पाहत होते. सामान गाडीत चढत होतं, कदिरवनचा माणूस चित्रण करत होता, आणि बायका कॅमेऱ्याकडे पाठ करून गाठोडी बांधत होत्या. सरोजा दिसली नाही.

हॉलही आमचा राहिला नाही. तिथे "मराठा वारसा स्मारक" होणार असं जाहीर झालं. समोर मोकळं पटांगण.

यजमानांनी विचारलं, पटांगण कशाला? मीच सांगितलं: गाड्या लावायला.

गार्गीचा निरोप आला. "मावशी, आपण जिंकलो." खाली हात जोडल्याची चित्रं.

१८ मार्च

स्मारकाच्या पायाभरणीला गेले. जायचं नव्हतं, पण पत्रिकेत माझं नाव छापलं होतं. वरुणराव आता एका पक्षाचे जिल्हा पदाधिकारी आहेत. गळ्यात उपरणं होतं. स्मारकाची पाटी आधी तमिळमध्ये हवी ही मागणी मान्य झाल्यामुळे कदिरवनही मंचावर होता. त्याच्या संघटनेलाही निवडणुकीत दोन जागा मिळणार म्हणतात. भाषणांत दोघांनी एकमेकांची नावं न घेता एकमेकांना शिव्या घातल्या. मग चहाच्या टेबलाशी उभे राहून बिस्किटं खाल्ली. कदिरवनने वरुणरावांना विचारलं की मुलीचं लग्न कधी आहे.

मला दिवा लावायला बोलावलं. लावला.

२ एप्रिल

सरोजाचा पत्ता तिच्या अंगणवाडीतल्या बाईकडून मिळाला. गावाबाहेरच्या त्या घरांत ती राहिली नाही; पापनाशमला बहिणीकडे गेली आहे. नोकरीही सोडली. मी बसने गेले. यजमानांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "आधी गेली असतीस तर चालत पोचली असतीस." पण मला बसपर्यंत सोडायला आले.

बहिणीचं घर भाताच्या गिरणीमागच्या गल्लीत आहे. सरोजा ओट्यावर तांदूळ निवडत होती. वाळली आहे. मला पाहून उठली.

"वांग," म्हणाली. "उक्कारुंग."

या, बसा. जन्मभर आम्ही एकमेकींना एकेरीच बोलवत आलो. मी कधी नुसतं "या" म्हटलं तर ती मला चिमटा काढायची.

बसले. आतून बहिणीने कॉफी आणून दिली. मी बोलायला सुरुवात केली: त्या दिवशी चपला घातल्या होत्या, फोन आला, दुसऱ्या दिवशी फाटकाशी मुलं होती, टीव्हीवर तो माणूस एकच विचारत होता. हे सगळं मी बसमध्ये पाठ केलं होतं. बोलताना मलाच ते सारवासारवीसारखं ऐकू येत होतं.

सरोजा सुपातले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "तुमच्यावर राग नाही. तुम्ही वाईट नाही, मला माहीत आहे. पण कुठेही गेलं की लोक मला ओळखायचे. बसमध्ये, रेशनच्या दुकानात. एका बाजूचे म्हणायचे, ती बघा, तमिळांसाठी उभी राहिलेली. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, ती बघा, मराठ्यांच्या घरात घुसलेली. अंगणवाडीत पोरांच्या आया मोबाइल घेऊन यायच्या. मी फक्त नळावर रांग लावत होते."

"सरोजा, तूं मला तूं म्हण," मी म्हटलं. आमच्या भाषेत म्हटलं. शाळेपासून तिला ती समजते.

ती तमिळमध्येच म्हणाली, "इथे मराठी बोलू नका."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "इथे अजून कुणाला माहीत नाही. मी त्या व्हिडिओतली, हे इथे कुणाला माहीत नाही. कॉफी झाली की तुम्ही निघा. तुम्हाला तर सगळ्यांनी पाहिलंय."

कॉफी गरम होती. तरी संपवली.

उठले तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली, कमरेवर घागर. माझ्याकडे निरखून पाहू लागली, कुठेतरी पाहिल्यासारखं. सरोजाला विचारलं, "कोण गं या?"

सरोजाचा हात सुपावर थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माहीत नाही. पत्ता विचारायला आल्यात. चुकीच्या गल्लीत शिरल्या."

ती बाई अजून बघतच होती. मी पदर डोक्यावरून पुढे घेतला आणि साध्या तमिळमध्ये सरोजाला विचारलं, बसस्टँड कुठल्या बाजूला, अम्मा?

सरोजा ओट्यावरून खाली आली. रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली आणि हात लांब करून दाखवलं: इथून सरळ, गिरणीपाशी डावीकडे, मग देवळापर्यंत उजवीकडे वळायचं नाही. हळूहळू, नीट, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. दोनदा सांगितलं.

मी तिचे आभार मानले आणि तिने सांगितलेल्या वाटेने निघाले.